मिर-१४५ खरंच घटला होता का? स्तनाच्या कर्करोगावरील एका मायक्रोआरएनए प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण कशाबद्दल

महाराष्ट्रातल्या एका मोठ्या शहरातलं रुग्णालय आणि त्याच आवारातली एक संशोधन प्रयोगशाळा यांनी मिळून एक प्रकल्प हाती घेतला होता. स्तनाचा कर्करोग रक्ताच्या साध्या चाचणीतून ओळखता येईल का, आणि त्यासाठी रक्तात फिरणारे मायक्रोआरएनए (पेशींत बनणारे अगदी छोटे आरएनए रेणू) कामाला येतील का, हा त्यांचा प्रश्न होता. निकाल आला, देखणा आला, पेपरचा मसुदाही तयार झाला. मग लक्षात आलं की दिसणारा फरक गाठीमुळे पडलेलाच नव्हता. तो पडला होता रक्त काढण्याच्या पद्धतीमुळे.

मी या प्रकल्पात नव्हते. मसुदा नियतकालिकाकडे धाडण्यापूर्वी आकडेवारी एकदा बाहेरच्या कुणीतरी पाहावी, म्हणून मला बोलावलं गेलं. त्यानंतरचा बराच भाग मी जवळून पाहिला. संस्था आणि माणसं यांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

पार्श्वभूमी

आपल्या जनुकसंचाचा जेमतेम दीड-दोन टक्के भाग प्रथिनं घडवण्याची माहिती बाळगतो. उरलेल्या भागातूनही आरएनए तयार होत असतात. त्यांना नॉन-कोडिंग म्हणतात, कारण त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही. पण त्यांतले काही पेशीच्या कारभारात चांगलीच ढवळाढवळ करतात. मायक्रोआरएनए हे त्यांतले अगदी छोटे, साधारण २२ न्यूक्लिओटाइडचे. ते संदेशवाहक आरएनएला चिकटतात आणि त्याच्यापासून बनणारं प्रथिन कमी करतात. व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी १९९३ मध्ये एका सूक्ष्म कृमीत पहिला मायक्रोआरएनए दाखवला. २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यासाठीच मिळालं.

स्तनाच्या कर्करोगात या रेणूंचं महत्त्व २००५ च्या सुमारास ठळक झालं. कार्लो क्रोचे यांच्या गटाने निरोगी स्तनऊतक आणि गाठी यांची तुलना केली. गाठींमध्ये मिर-२१ आणि मिर-१५५ (‘मिर’ हे मायक्रोआरएनएचं छोटं रूप, पुढचा आकडा त्याचा क्रमांक) वाढलेले, तर मिर-१४५ आणि मिर-१२५बी घटलेले आढळले. २००७ मध्ये रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेने मिर-१०बी हा पेशींना आक्रमक बनवून दूरवर पसरायला मदत करतो असं दाखवलं. लांबलचक नॉन-कोडिंग आरएनए हा वेगळाच प्रांत. त्यातल्या ‘हॉटेअर’बद्दल २०१० मध्ये स्टॅनफर्डच्या हॉवर्ड चँग यांच्या गटाने लिहिलं की मूळ गाठीत तो जास्त असेल तर पुढे कर्करोग पसरण्याचा धोका अधिक.

हे सगळं झालं गाठीच्या ऊतकाबद्दल. रक्ताकडे मोर्चा वळला तो २००८ मध्ये. मुनीश तिवारी यांच्या सिएटलच्या गटाने दाखवलं की गाठीतून आलेले मायक्रोआरएनए रक्तद्रवात शाबूत राहतात आणि मोजता येतात. एरवी उघडा आरएनए रक्तात टाकला तर तो बघता बघता नष्ट होतो. म्हणून ही बातमी मोठी होती.

आपल्याकडे तिचं आकर्षण अधिकच. ग्लोबोकॅन या जगभरातल्या कर्करोगाच्या आकडेवारीच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण होत्या, आणि सरसकट मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) आपल्याला परवडणारी नाही. मुंबईत टाटा मेमोरिअलने १९९८ पासून प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून हाताने स्तनतपासणी करून घेण्याची मोठी चाचणी चालवली. तिचे २० वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले: पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले, त्याखालच्या वयात मात्र तसा फायदा दिसला नाही. तरुण वयातल्या रुग्ण आपल्याकडे पुष्कळ असताना कुणी ‘पाच मिलिलिटर रक्तातून निदान’ म्हणालं, की कान टवकारतातच.

प्रकल्पाची मांडणी

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम पेशींच्या जीवशास्त्रातल्या मुरलेल्या अभ्यासक. काम करणारी मुलगी पीएच.डी.ला, फेलोशिपचे शेवटचे काही महिने उरलेले. रुग्णालयाच्या बाजूने शल्यविशारद सर. तिघंही कष्टाळू आणि प्रामाणिक होते, हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचताना कुणाच्या तरी हलगर्जीपणावर बोट ठेवण्याचा मोह होतो.

रुग्णांचं रक्त शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी वॉर्डात घ्यायचं ठरलं. तुलनेसाठी निरोगी बायका रुग्णालयाच्या तपासणी शिबिरातून आणि कर्मचाऱ्यांतून घेतल्या. प्लेन बल्बमध्ये, म्हणजे गोठण न रोखणाऱ्या साध्या नळीत, रक्त, गोठल्यावर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, वर उरणारा पिवळसर द्रव, म्हणजे सीरम, उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये. सगळे नमुने जमल्यावर आरएनए काढून रिअल-टाइम पीसीआर, म्हणजे रेणूच्या प्रती वाढवत नेऊन त्याचं प्रमाण मोजणारी चाचणी.

मोजायला पाच मायक्रोआरएनए घेतले: २१, १५५, १४५, १२५बी आणि १०बी. संदर्भ म्हणून मिर-१६. पीसीआरमध्ये कुठलाही आकडा एकटा बोलत नाही; तो नेहमी कशाच्या तरी तुलनेत वाचावा लागतो. सीरममध्ये मिर-१६ भरपूर आणि सहज सापडतो, आधीच्या अनेक पेपरांत तोच वापरलेला, म्हणून इथेही तोच. शिवाय नियमाप्रमाणे प्रत्येक नमुन्यात कृमीचा कृत्रिम मिर-३९ ठरावीक मात्रेत मिसळला होता. आरएनए काढताना किती हाती लागलं आणि किती वाया गेलं, ते त्यावरून कळतं. तो मिसळायचा असतो लायसिसचं, म्हणजे सीरममधली विकरं निकामी करणारं, रसायन घातल्यानंतर. आधी मिसळला तर सीरममधली विकरं त्याचा फडशा पाडतात. मुलीने हे बरोबर केलं होतं, आणि पुढे सगळं प्रकरण उलगडलं ते त्यामुळेच.

निकाल, आणि तो सगळ्यांना का पटला

रुग्णांच्या रक्तात मिर-१४५ आणि मिर-१२५बी स्पष्टपणे कमी होते. दोन गटांचे ठिपके आलेखावर जवळजवळ वेगळे पडत होते. इतका स्वच्छ निकाल या क्षेत्रात क्वचित दिसतो.

मॅडमना तो पटला, कारण २००५ पासून हे दोन रेणू गाठींत घटलेलेच सापडत होते. गाठीत कमी, रक्तातही कमी, इतकी सरळ संगती. सर तर पुढचा विचार करू लागले होते: मॅमोग्राफीचं यंत्र नसलेल्या तालुक्यांत शिबिरं घ्यायची, रक्त गोळा करायचं, ज्यांचा मिर-१४५ कमी त्यांना शहरात बोलवायचं. त्यासाठी निधी मागण्याचा अर्जही अर्धा लिहून झाला होता.

माझी पहिली शंका मिर-१४५ बद्दल नव्हतीच. मिर-१५५ गाठींत वाढतो, इथे तोही घटलेला दिसत होता. मिर-१०बीसुद्धा घटलेला. मिर-२१ वाढायला हवा होता, तो जवळपास होता तिथेच. मसुद्यात या प्रत्येकाचं स्पष्टीकरण दिलं होतं. १५५ साठी ‘रोगप्रतिकारक पेशींतला बदल’, २१ साठी ‘बऱ्याच रुग्ण सुरुवातीच्या टप्प्यातल्या असल्यामुळे’, आणि १०बी साठी तर काही शोधावंच लागलं नव्हतं. त्याच्याबद्दल दोन्ही बाजूंचे पुरावे साहित्यात आहेत: २००५ च्या तुलनेत तो गाठींत कमी, २००७ च्या कामात पसरणाऱ्या पेशींत जास्त. या विषयात इतकं छापून आलंय की आकडा वर गेला तरी आधार मिळतो आणि खाली गेला तरी मिळतो. पाचपैकी दोन निकाल अपेक्षेप्रमाणे आले, त्यांचं शीर्षक झालं. उरलेले तीन चर्चेच्या परिच्छेदात जिरवले गेले.

मला खटकलं ते असं: १४५, १२५बी, १५५ आणि १०बी हे चारही जवळपास सारख्याच प्रमाणात घटले होते. चार वेगवेगळ्या जनुकांतून येणारे, वेगवेगळी कामं करणारे रेणू. त्यांनी एकाच मापाने खाली यावं, हे जीवशास्त्रापेक्षा अंकगणिताला जास्त शोभणारं आहे. भाजीवाल्याचं किलोचं वजनच जड झालं, तर दुकानातली प्रत्येक भाजी कमी भरते.

समस्या नेमकी कुठे होती

मी घटीचे गुणोत्तर बाजूला ठेवून कच्चे सीटी आकडे मागितले. सीटी म्हणजे रेणू ओळखू येईपर्यंत पीसीआरच्या किती फेऱ्या लागल्या ते; आकडा जितका लहान, रेणू तितके जास्त, आणि एका फेरीचा फरक म्हणजे सुमारे दुप्पट. मुलीने त्याच रात्री आलेख काढून पाठवले.

कृत्रिम मिर-३९ दोन्ही गटांत सारखा होता. म्हणजे आरएनए काढण्याच्या कामात भेदभाव झाला नव्हता. मिर-१४५ चे कच्चे आकडेही दोन्ही गटांत सारखेच होते. हललं होतं ते मिर-१६, खुद्द संदर्भाचं माप. रुग्णांच्या सीरममध्ये तो दोनेक फेऱ्या लवकर उमटत होता, म्हणजे जवळपास चौपट. त्याच्याशी तुलना केल्यावर बाकी सगळं चौथाईवर येणार, हे ओघानेच आलं. मिर-२१ रक्तपेशींमध्ये थोडाफार असतोच, म्हणून तो त्या मानाने कमी घसरला असावा.

बैठकीत सरांनी लगेच विचारलं, ‘‘मग मिर-१६ हीच खूण असेल की! वाढतोय ना तो रुग्णांत?’’ प्रश्न अगदी रास्त होता. फक्त मिर-१६ तांबड्या पेशींत ठासून भरलेला असतो. तांबडी पेशी फुटली, म्हणजे हिमोलायसिस झालं, की तो सीरममध्ये सांडतो. तेव्हा आधी पाहायचं होतं की रुग्णांच्या नमुन्यांत पेशी जास्त फुटल्या होत्या का.

आणि हे ज्ञान काही नवीन नव्हतं. २०११-१२ पासून यावर इशारे छापून आले आहेत. गंमत म्हणजे त्यातला सर्वांत गाजलेला इशारा तिवारी यांच्याच गटाचा, २०१२ चा. तोवर कर्करोगाच्या खुणा म्हणून मांडल्या गेलेल्या ७९ मायक्रोआरएनएंपैकी ४६ रक्तपेशींमध्येच भरपूर असतात, असं त्यांनी दाखवून दिलं होतं. मुलीने तो पेपर वाचला होता. तिने मला उत्तर दिलं, ‘‘मॅडम, आमचे सीरम तर पिवळे होते. लाल दिसलेले आम्ही टाकून दिले.’’ इथेच फसगत होते. डोळ्याला गुलाबी दिसायला बऱ्यापैकी हिमोग्लोबिन सुटावं लागतं. मायक्रोआरएनएचं गणित त्याच्या खूप आधी बिघडतं.

वॉर्डातली सकाळ

पेशी फुटल्या तर का फुटल्या, ते प्रयोगशाळेत बसून कळणार नव्हतं. मुलगी पहाटे वॉर्डात जाऊन उभी राहिली आणि तिने जे पाहिलं ते लिहून आणलं.

ओटी लिस्टवरच्या, म्हणजे त्या दिवशी शस्त्रक्रिया असलेल्या, बाईंना सलाईनसाठी हाताच्या पाठीवर इंट्राकॅथ (शिरेत ठेवायची बारीक नळी) लावली जात होती. सिस्टर तिलाच दहा मिलिलिटरची सिरिंज जोडून रक्त ओढत होत्या. बारीक शीर, बारीक नळी, आणि दट्ट्या जोरात मागे. सिरिंजमध्ये वर फेस दिसत होता. मग सिरिंजला सुई लावायची, बल्बच्या रबरी टोपणात खुपसायची आणि अंगठ्याने दाबून रक्त आत ढकलायचं. बल्ब मामांच्या, म्हणजे वॉर्डबॉयच्या, ट्रेमध्ये. मामा पहिल्या पेशंटला ओटीत सोडणार, फाइली पोचवणार, आणि मग प्रयोगशाळेच्या जिन्याने वर.

‘‘सिस्टर, रोज असंच काढता?’’

‘‘अगं, सुई लावतोच आहोत ना सलाईनला. आज ऑपरेशन आहे बाईंचं, घाबरल्यात. परत कशाला टोचायचं त्यांना?’’

सिस्टरांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की या नमुन्यासाठी दुसरी पद्धत हवी आहे. प्रकल्पाच्या कागदावर फक्त ‘शिरेतून ५ मिलिलिटर रक्त घ्यावे’ एवढंच होतं. उलट शिबिरात टेक्निशियन कोपराजवळच्या ठसठशीत शिरेतून थेट व्हॅक्युटेनरमध्ये (रक्त आपोआप ओढून घेणाऱ्या निर्वात नळीत) रक्त घेत होता, आणि मुलगी स्वतः डबा घेऊन शेजारी उभी असायची, त्यामुळे नमुने तासाभरात फिरवले जात. बारीक नळी, जोराचा ओढा, सुईतून दाबणं, उशीर: पेशी फोडणाऱ्या सगळ्या गोष्टी एका गटाच्या वाट्याला आल्या होत्या आणि दुसऱ्याच्या वाट्याला एकही नाही.

समोरचे पर्याय

बैठक लांबली. फेलोशिप संपत आलेली, किटचे पैसे खर्च झालेले, मसुदा तयार. अशा वेळी प्रत्येक पर्यायाची किंमत कुणा एकाच्या खिशातून जाते आणि बहुतेक वेळा ती विद्यार्थ्याच्या खिशातून जाते, हे मनात ठेवूनच पुढचं वाचावं.

मसुदा आहे तसाच पाठवून ‘मर्यादा’ या मथळ्याखाली हिमोलायसिसचा उल्लेख करावा, असं एकाने सुचवलं. हे बऱ्याच ठिकाणी चालून जातं. पण मुख्य निष्कर्षाचा पायाच ज्याने हलतो त्याला मर्यादा म्हणणं ही धूळफेक झाली असती, आणि सरांचा शिबिरांचा अर्ज त्याच पेपरच्या आधारावर उभा राहणार होता. हा पर्याय मॅडमनीच मोडून काढला. त्यांच्याबद्दलचा माझा आदर तेव्हा वाढला.

दुसरा पर्याय: मिर-१६ टाकून द्यायचा आणि कृत्रिम मिर-३९ च्या तुलनेत सगळं पुन्हा मांडायचं. तो झटपट आणि बिनखर्चाचा. पण मिर-३९ फक्त प्रयोगशाळेतल्या हाताळणीचा हिशेब ठेवतो. बाटलीत येण्याआधी रक्ताचं काय झालं याबद्दल तो मुका आहे. यू-६ हा ऊतकात चालणारा संदर्भही कुणीतरी सुचवला. सीरममध्ये तो भरवशाचा नसतो, त्यामुळे तो लगेच बाद झाला.

तिसरा पर्याय म्हणजे सगळं विसरून नव्याने नमुने गोळा करायचे. शास्त्राच्या दृष्टीने हा स्वच्छ, पण फेलोशिपच्या वेळापत्रकात बसणारा नव्हता. आणि जुन्या निकालाचं नेमकं काय झालं होतं ते मग कायमचं गुलदस्त्यात राहिलं असतं.

चौथा, आणि मी ज्याच्या बाजूने होते तो: फ्रीझरमध्ये उरलेल्या प्रत्येक नमुन्याचं हिमोलायसिस मोजायचं, आणि त्यानंतर जे दिसेल त्यावर छोट्या नव्या संकलनाचा निर्णय घ्यायचा.

काय केलं

चौथा पर्याय ठरला. मोजमाप दोन मार्गांनी झालं. एक, ४१४ नॅनोमीटरवर सीरम किती प्रकाश शोषतो ते पाहणं. मोकळं हिमोग्लोबिन तिथे शिखर दाखवतं. नॅनोड्रॉप या मोजणी यंत्रावर थेंबाहून कमी सीरम पुरतो, म्हणून जपून ठेवलेले नमुने फारसे खर्च झाले नाहीत.

दुसरा मार्ग जास्त बोलका. मिर-४५१ए तांबड्या पेशींचा खास. मिर-२३ए मात्र पेशी फुटल्या तरी सीरममध्ये स्थिर राहतो. दोघांच्या सीटीतला फरक ५ पेक्षा कमी असेल तर नमुना ठीक, ७ च्या वर गेला तर हिमोलायसिसचा दाट संशय, असा प्रघात आहे. वापरलेलं किट सगळ्या मायक्रोआरएनएंचं एकत्रच सीडीएनए (पीसीआरसाठी लागणारी आरएनएची डीएनए-प्रत) करणारं होतं, त्यामुळे जुन्याच सीडीएनएवर हे दोन मोजता आले. नवं आरएनए काढावं लागलं नाही.

चित्र लगेच स्पष्ट झालं. रुग्णांचे बहुतेक नमुने ७ च्या वर, निरोगी बायकांचे बहुतेक ५ च्या खाली. पण खरा पुरावा अपवादांत होता. ज्या थोड्या रुग्णांचं रक्त चांगलं निघालं होतं, त्यांचा मिर-१४५ निरोगी बायकांसारखाच होता. आणि ज्या मोजक्या निरोगी बायकांच्या नमुन्यात पेशी फुटल्या होत्या, त्या आमच्या ‘चाचणी’नुसार कर्करोगाच्या रुग्ण ठरत होत्या. सर त्या ठिकाणी आलेख पुन्हा पुन्हा खालीवर करून पाहत होते. तालुक्याच्या शिबिरात, गरमीत, दूरवरून गाडीतून आलेल्या बल्बांचं काय झालं असतं, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

मुलीने आणखी एक सोपा प्रयोग केला. नैतिकता समितीकडून दुरुस्तीची परवानगी घेऊन एका निरोगी स्वयंसेविकेचं रक्त नीट काढलं. त्यातल्या थोड्या तांबड्या पेशी मुद्दाम फोडून वाढत्या प्रमाणात तिच्याच सीरममध्ये मिसळल्या. मिर-१६ च्या तुलनेतला मिर-१४५ पायरीपायरीने खाली आला. पहिल्या पायऱ्यांवर सीरम डोळ्यांना स्वच्छ पिवळाच दिसत होता. पुढे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत सर्वांत जास्त प्रश्न याच आकृतीवर आले.

मग नवं संकलन, छोटं पण काटेकोर. रक्त शस्त्रक्रियेच्या दिवशी न घेता ओपीडीत, गाठीची बायोप्सी होण्याआधी. गाठ आहे म्हणून आलेल्या सगळ्याच बायकांकडून एकाच टेक्निशियनने, एकाच प्रकारच्या सुईने घ्यायचं. कुणाला कर्करोग निघेल आणि कुणाला साधी फायब्रोअॅडिनोमाची गाठ, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नसणार. नमुना घेतल्याची आणि फिरवल्याची वेळ बल्बवर लिहायची. आणि संदर्भासाठी एकाऐवजी अनेक स्थिर मायक्रोआरएनएंची सरासरी.

निष्पत्ती

नव्या नमुन्यांत मिर-१४५ आणि मिर-१२५बी मध्ये उपयोगी पडेल असा फरक उरला नाही. मिर-२१ कर्करोगाच्या रुग्णांत किंचित वर होता, पण दोन्ही गटांचे ठिपके इतके एकमेकांत मिसळलेले की त्यावरून एखाद्या बाईला काही सांगणं शक्य नव्हतं.

शिबिरांचा अर्ज सरांनी मागे घेतला. मूळ मसुदा बाजूला ठेवला गेला आणि त्याच्या जागी नमुना घेण्याच्या पद्धतीचा मायक्रोआरएनएवर होणारा परिणाम या विषयावर लेख लिहिला गेला. पहिल्या नियतकालिकाने ‘नावीन्य नाही’ म्हणून तो परत केला, दुसऱ्याने घेतला. प्रबंधाचं शीर्षक बदलावं लागलं. त्यासाठी विद्यापीठाच्या कागदपत्रांत जो वेळ गेला तो प्रयोगांपेक्षा फार कमी नव्हता. मुलीला पदवी मिळाली. सहभागी बायकांपैकी कुणालाही वैयक्तिक निकाल कळवलेला नव्हता, त्यामुळे कुणावर चुकीचा शिक्का बसला नाही; तरीही समितीला घडलेलं सगळं लेखी कळवलं गेलं.

सरांनी शेवटी वैतागून विचारलं होतं, मग हा सगळा नॉन-कोडिंगचा खटाटोप फुकटच का? तसं मला वाटत नाही. गाठीच्या ऊतकातले निष्कर्ष या प्रकरणाने तसूभरही हलत नाहीत, कारण तिथे नमुना वेगळा आणि अडचणी वेगळ्या. आणि नॉन-कोडिंग आरएनए दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत असंही नाही: प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी पीसीए-३ या लांब आरएनएची लघवीतली चाचणी अमेरिकेच्या एफडीएने २०१२ मध्ये मान्य केली. तिथेही उपयोग मर्यादितच, पुन्हा बायोप्सी करावी का एवढं ठरवण्यापुरता. स्तनाच्या कर्करोगात रक्तातल्या मायक्रोआरएनएबद्दलचे निष्कर्ष मात्र एका पेपरातून दुसऱ्या पेपरात टिकत नाहीत ही तक्रार जुनी आहे, आणि त्यामागे अशी किती इंट्राकॅथ असतील असा प्रश्न मला पडतो.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत महागात पडलेला निर्णय हा कुणी घेतलेलाच नव्हता. रुग्णांचं रक्त वॉर्डात आणि निरोगी बायकांचं शिबिरात, ही सोय होती. तिला आराखडा म्हणायचं तर दोन्ही गटांच्या नमुन्याचा प्रवास कागदावर शेजारी शेजारी मांडायला हवा होता. तो मांडला असता तर सुई, हात, वेळ आणि जिना हे सगळे फरक पहिल्याच दिवशी डोळ्यांत भरले असते. त्या बैठकीत वॉर्डाच्या सिस्टर आणि मामा असायला हवे होते. दोघांनाही विचारलं असतं तर त्यांनी खडान्‌खडा सांगितलं असतं.

निरोगी कर्मचारी आणि शिबिरातल्या बायका हा तुलनेचा गटही मुळात सोयीचा. त्या वयाने लहान होत्या, उपाशीपोटी नव्हत्या, शस्त्रक्रियेच्या भीतीत नव्हत्या. हिमोलायसिस नसतं तरी हे फरक उरलेच असते. त्याच ओपीडीत गाठ घेऊन आलेल्या, पण कर्करोग न निघालेल्या बायका हा खरा तुलनेचा गट, कारण चाचणी वापरायची आहे ती त्यांच्यातूनच रुग्ण निवडायला.

मिर-१६ ची निवड मात्र मी इतकी कठोरपणे मोजणार नाही. त्या वेळी हाताशी असलेल्या पेपरांवरून ती कुणीही केली असती. पहिल्या वीसेक नमुन्यांनंतर संदर्भाचे कच्चे आकडे गटवार पाहायला हवे होते, एवढंच. अर्ध्या तासाचं काम आहे. प्रयोगशाळेच्या आठवड्याच्या बैठकीत थेट घटीवाढीचे स्तंभ दाखवायची पद्धत होती. आता तिथे आधी कच्चे सीटी पडद्यावर येतात, मग बाकीचं.

एका मुद्द्यावर मॅडमचं आणि माझं अजून एकमत नाही. जुन्या नमुन्यांना सांख्यिकी दुरुस्ती करून, म्हणजे प्रत्येकाच्या हिमोलायसिसचा आकडा गणितात घेऊन, ते पुन्हा वापरता येतील असं त्यांचं म्हणणं. इतक्या बायकांनी विश्वासाने दिलेलं रक्त वाया घालवू नये. माझं म्हणणं, इथे हिमोलायसिस आणि रोग जवळजवळ एकाच रेषेत आहेत. ज्या गटात रोग, त्याच गटात फुटलेल्या पेशी. गणिताला हे दोन वेगळे करायला पुरेशी जागाच नाही, आणि दुरुस्तीच्या नावाखाली आपण त्याच्याकडून हवं ते उत्तर वदवून घेऊ. तूर्त ते नमुने फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात ‘फक्त पद्धती-अभ्यासासाठी’ अशा चिठ्ठीने ठेवले आहेत, आणि कुणाला हवे असतील तर ४१४ चा आकडा सोबत जोडल्याशिवाय ते दिले जात नाहीत.